‘व्हॅम्पिर’वर लिहिण्याआधी

प्रिय,

दिग्दर्शक कार्ल ड्रायरच्या ‘व्हॅम्पिर’ या चित्रपटावरचा तुझा मसुदा वाचला. पहिली दोन पानं १९३२च्या गोंधळातच गेली आहेत. ६ मे रोजी बर्लिनच्या पहिल्याच खेळात हुर्यो उडवली गेली, व्हिएन्नात प्रेक्षकांनी पैसे परत मागितले, हे खरं. पण लोक नेमके कशावर चिडले, ते पडद्यावरून दाखवता आलं पाहिजे.

आधी प्रत तपास. मूळ निगेटिव्ह उरलेली नाही. चित्रपट जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांचा विचार करून केलेला, आवाज नंतर चढवलेला. म्हणून संवाद इतके तुटपुंजे. १९९८ साली जर्मन आणि फ्रेंच प्रिंट जुळवून जी प्रत तयार झाली, ती घे. तिची लांबी सव्वा तासाच्या आसपास आहे. अमेरिकेत कापून, इंग्रजीत डब केलेली जुनी आवृत्ती हाती आली तर बाजूला ठेव, कारण तिच्यावरून संकलनाविषयी लिहिलेलं सगळं दुसऱ्याच कुणाच्या कात्रीविषयी असेल. जर्मन सेन्सॉरने दोन प्रसंग सौम्य करायला लावले होते: पिशाच्चाच्या देहात लोखंडी पहार ठोकण्याचा आणि गिरणीतल्या पिठाखाली डॉक्टर गुदमरण्याचा. तुझ्या प्रतीत ते किती आहेत, याची नोंद कर.

मग नायक उतरतो त्या खाणावळीपासूनची दहा मिनिटं आवाज बंद करून पाहा आणि प्रत्येक शॉटसाठी लिही: कोण बघतंय, कुठल्या दिशेला, आणि पुढच्या शॉटमध्ये प्रत्यक्ष काय आहे. तुझ्या लक्षात येईल की कॅमेरा नायकाला सोडून भिंतींवरून, सावल्यांमागून भटकतो आणि नायक पुन्हा भलत्याच ठिकाणी सापडतो. एका पायाच्या माणसाची सावली त्याच्याआधी हिंडून येते आणि मग त्याला येऊन चिकटते. खड्डा खणणाऱ्याची सावली उलटी चालवली आहे, माती फावड्याकडे परत येते. प्रेक्षकाला घराचा नकाशाच मनात बांधता येत नाही. माझ्या मते खरी चीड इथली आहे.

‘प्रिंट धूसर आहे’ हे वाक्य मात्र काढून टाक. छायाचित्रकार रुडॉल्फ माते याने कॅमेऱ्यापुढे सुमारे तीन फुटांवर जाळीचं कापड धरून त्यावर दिव्याचा प्रकाश सोडला. तो करडेपणा मुद्दाम आणलेला आहे.

नायकाच्या निर्विकार चेहऱ्यावर तू फार कडक लिहिलं आहेस. निकोलस द गुन्झबर्ग व्यावसायिक नट नव्हता, चित्रपटाला पैसा त्याचाच होता. ज्युलियन वेस्ट हे त्याचं पडद्यावरचं नाव. पण नायक स्वतःलाच शवपेटीत पाहतो, त्या प्रसंगात हाच चेहरा कामी येतो. झाकणाच्या काचेतून मेणबत्ती दिसते, म्हातारी वाकून बघते, मग वर झाडं आणि चर्चचा मनोरा सरकत जातो. बघणारा आणि प्रेत एकच. तिथे भाव दाखवणारा नट असता तर आपण त्याच्याकडे बघत बसलो असतो. आणि ती म्हातारीच इथलं पिशाच्च आहे, १९३१च्या अमेरिकी ‘ड्रॅक्युला’तल्या रुबाबदार सरदारासारखं नाही, हेही लिही.

नवा मसुदा शवपेटीपासून सुरू कर. बर्लिन आणि व्हिएन्ना शॉटच्या नोंदींनंतर, एका परिच्छेदात पुरे.