राज्य आणि साम्राज्य यांत नेमका फरक काय?

नुसत्या आकारावर जाऊ नका. वसुली कोण करतो ते पाहा. राज्यात राजाचा अंमल थेट असतो, साम्राज्यात तो इतर सत्तांवर असतो.

मराठ्यांचंच घ्या. 1674 ला राज्याभिषेक झाला तेव्हा स्वराज्यात महसूल शिवरायांचेच अधिकारी गोळा करत. मुघल बादशहाच्या 1719 च्या सनदांनी (अधिकारपत्रांनी) दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई (महसुलाचा 25 टक्के हिस्सा) आणि सरदेशमुखी (10 टक्के) मिळाली, पण तिथला कारभार मुघल सुभेदाराकडेच राहिला. इथून साम्राज्याची घडण सुरू होते. चौथाईतला चौथा हिस्सा छत्रपतींचा. 66 टक्के सरदारांना, फौजेच्या खर्चासाठी; या हिश्श्याला मोकासा म्हणत. शिंदे, होळकर, गायकवाड याच व्यवस्थेत वाढले, आणि केंद्र ढिलं पडताच आपापल्या मुलखाचे धनी झाले. साम्राज्यं बहुधा अशीच फुटतात. गादीवर बसणाऱ्याची पदवी मात्र शेवटपर्यंत ‘छत्रपती’च राहिली.