गडचिरोलीच्या आतल्या भागात मुलींसाठी शिवणकाम केंद्र काढायचं आहे. तिथल्या मुली मध्येच सोडून जातात असं ऐकलं, खरं आहे का?

तुमचा पुण्यातला मित्रमंडळींचा गट २० शिलाई मशीन द्यायला तयार आहे हे वाचून बरं वाटलं. पण उत्तर लिहायला बसले ती प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यामुळे. "मुली मध्येच सोडून जातात" हे मी आलापल्लीत शिवणकाम शिकवायचे तेव्हा बैठकीत, जीपमध्ये, जेवणाच्या पंगतीत ऐकलंय. हे वाक्य बोलणारा माणूस एकदाही एखाद्या मुलीच्या घरी गेलेला नसायचा.

मी मानधनावर निदेशिका होते. तीन महिन्यांचा निवासी वर्ग. मुली एटापल्ली, भामरागड, अहेरी तालुक्यांतल्या, बहुतेक माडिया या आदिवासी जमातीतल्या. आश्रमशाळेत दहावीपर्यंत आलेल्या, आणि त्यातल्या कितीतरी गणितात अडकून घरी बसलेल्या.

एक मुलगी एटापल्ली तालुक्यातल्या गट्ट्याच्याही पुढच्या गावची. त्या गावात काही वर्षांपूर्वी एकाला पोलिसांचा खबऱ्या ठरवून नक्षलवाद्यांनी मारलं होतं. तिच्या वडिलांना भेटायला मी अंगणवाडीच्या ताईंबरोबर गेले. मला माडिया बोली येत नाही, ताई दोन्हीकडचं सांगत होत्या. राहायचं कुठे, खायला काय, पैसे पडतील का, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: नाव कुठे लिहिणार आणि फोटो कोण काढणार? मी सांगितलं, नाव हजेरीपटावर, फोटो फॉर्मला एक, त्याच्यापुढे काही नाही. त्या शब्दावर त्यांनी पोरगी पाठवली.

तिचा हात चांगला होता. कटोरी ब्लाऊजचं कटिंग तिला चटकन जमलं, पण तिचा खरा जीव मशीनमध्ये. शटल उघडून अडकलेला धागा काढणं, सुई आणि शटलचा मेळ बसवणं, ताणलेला पट्टा कापून पुन्हा जोडणं. अभ्यासक्रमात दुरुस्ती म्हणजे तेल घालणं एवढंच होतं. तिने मात्र अख्खी पायमशीन खोलून परत बसवली, आणि मग इतर मुली मशीन अडली की मला न बोलावता तिला बोलवायला लागल्या.

शेवटी मशीन वाटपाचा कार्यक्रम ठरला. बॅनर, प्रमुख पाहुणे पोलिसांच्या वर्दीतले, पेपरवाले. आमच्या समन्वयकांचा आग्रह असा की प्रत्येक मुलीने पाहुण्यांच्या हातून मशीन घेताना फोटो हवाच. मी म्हटलं, या मुलीचा नको. ते म्हणाले, फोटो नाही तर बिल निघत नाही. मी म्हटलं, मशीनचा काढा, तिच्या हातांचा काढा, सही घ्या, मी लेखी देते. ते म्हणाले, चांगलं काम आहे, त्यात लपवायचं काय? हे सगळं वर्गाच्या दारात चाललेलं, आणि ती आत काज करत बसलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे बाजाराला जाणाऱ्या जीपने ती गावी निघून गेली. अहवालात नोंद झाली: गळती, कारण घरची ओढ. मी लेखी हरकत दिली, ती फायलीत राहिली. पुढच्या वर्गाला मला बोलावणं आलं नाही.

ते समन्वयक आजही भाषणात म्हणतात की आदिवासी मुली टिकत नाहीत. म्हणून इथे जाहीर लिहिते: ती टिकली होती. त्यांच्या कॅमेऱ्याने तिला घालवलं. माझ्या घरची जुनी पायमशीन मी ताईंच्या हाती पाठवली, त्यावर ती अजून शिवते. लहान मुलांचे फ्रॉक, पिशव्या, फाटलेली दप्तरं. बाजाराच्या दिवशी लोक बिघडलेल्या मशीनसुद्धा तिच्याकडे आणतात.

दुसरं, नोकरीला पाठवलेल्या मुली परत येतात, यावरूनही बोल लावले जातात. केंद्राच्या दीनदयाळ ग्रामीण कौशल्य योजनेत शिकलेल्यांपैकी किमान ७० टक्के जणांना काम मिळवून दिलं पाहिजे असा नियम, आणि संस्थेचे पैसे त्याला बांधलेले. मग मुलींना उचलून परराज्यातल्या कपड्यांच्या कारखान्यात नेतात. भाषा वेगळी, एका खोलीत दहाजणी, पगारातून खोली-जेवण कापून हातात उरणार किती? इकडे मे महिन्यात तेंदू, म्हणजे विडीची पानं तोडायचा हंगाम. ७० पानांचं एक पुडकं, घरातली सगळी माणसं पहाटेपासून जंगलात, आणि वर्षाचा रोख पैसा त्या दोन आठवड्यांत. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायद्यामुळे अनेक ग्रामसभा आता पानांचा लिलाव स्वतः करतात, त्यामुळे भावही बरा मिळतो. त्या दिवसांत जी मुलगी परत येते तिला हिशोब कळतो. तिला आळशी म्हणणाऱ्याला कळत नाही.

२०१३ ला केंद्राची 'रोशनी' योजना खास नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी आली. त्यात निम्म्या जागा मुलींना होत्या आणि मुदत ३, ६, ९, १२ महिने अशी शिक्षणाप्रमाणे ठरायची. कमी शिकलेल्याला जास्त वेळ, हा विचार अगदी योग्य. माझ्या पाहण्यात मात्र सगळे वर्ग तीन महिन्यांचेच, कारण तेवढ्यात आकडा पूर्ण होतो.

आता तुमच्या मशीन. २० एका गावात देऊ नका, तेवढं शिवून घेणारं कुणी तिथे नाही. एका गावात दोन पुष्कळ. वीज असते-नसते, म्हणून पायमशीनच. सोबत पट्टे, सुयांची पाकिटं, बॉबिन जास्तीच्या द्या. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा एका सुईसाठी कुणी आलापल्लीला येऊ शकत नाही. आणि शिवणकामच का, हेही मुलींना विचारा. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. पाण्याचा पंप, मोटारसायकल, मोबाइल यांची दुरुस्ती शिकायला माझ्याच वर्गातल्या काहीजणी तयार होत्या, पण मुलींच्या वर्गाला शिवण हे आधीच ठरलेलं. मुलांना वायरमन, मुलींना शिवण, ही वाटणी कुठल्याही गावाने केलेली नाही.

आता काळ बदललाय हेही खरं. १ जानेवारी २०२५ ला गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्यावर पहिल्यांदा एसटी धावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. सुरजागडच्या लोहखाणीमुळे वेल्डर, ड्रायव्हर यांना मागणी आहे. पोलिसांच्या दादालोरा खिडकी या मदत उपक्रमातून कितीतरी तरुणांना प्रशिक्षण आणि दाखले मिळाले, त्या कामाला मी नावं ठेवत नाही. रुग्णसेवेचं शिक्षण घेतलेल्या काही मुली शहरात चांगल्या रुळल्यात, त्यांना बाहेर जायचं होतं म्हणून. तरीही ज्या घरातला माणूस गेला त्या घरातली भीती शरणागतीच्या बातमीने उतरत नाही. त्यामुळे देणगीदारांना दाखवायला फोटो हवेच असतील तर मशीनचे आणि शिवलेल्या कपड्यांचे काढा. हे सुरू करण्याआधीच तुमच्या गटात लेखी ठरवा. नंतर ठरवू म्हटलं की बॅनर छापून झालेला असतो.

वर्ग धान घरात आल्यावर, डिसेंबरात सुरू करा आणि एप्रिल संपायच्या आत आटोपा. एटापल्लीपुढे जाणार असाल तर माडिया बोलणारी एक बाई पहिल्या दिवसापासून पगारावर ठेवा. त्या अंगणवाडीच्या ताई आता निवृत्त आहेत, त्या येतील का ते मी विचारते.