हमाली फंक्शनच्या हातात दे

लेकरा,

लॅपटॉपवर पट्टी (शेतकऱ्याला मालाच्या हिशोबाचा द्यायचा कागद) बरोबर निघायली अन सर्व्हरवर रात्री क्रॉननं (ठरल्या वेळी आपोआप प्रोग्राम चालवणाऱ्यानं) चालली की हमाली शून्य, म्हणून तू गुणाकार तपासत बसलास. गुणाकार बरोबर आहे रे. तुझं फंक्शन म्हणतंय मला फक्त वजन अन भाव द्या, अन आत गेल्यावर गुपचूप गेटएन्व करून एन्व्हायर्नमेंटमधून (प्रोग्रामच्या बाहेर सिस्टिमनं ठेवलेल्या सेटिंगमधून) हमालीचा दर उचलतंय, नाही सापडला तर शून्य धरतंय. दर तिथं ठेवणारी एक्सपोर्टची ओळ तू बॅशआरसीत (टर्मिनल उघडलं की वाचली जाणारी फाईल) टाकलीस, क्रॉन ती फाईल वाचतच नाही. मग दर येणार कुठून? एररबी नाही, मोंढ्यात सोयाबीनच्या चुकीच्या पट्ट्या छापून मोकळं.

फंक्शनला जे लागतंय ते त्याच्या हातात दे. पट्टी(वजन, भाव, हमाली). हमाली द्यायची राहिली तर पायथन तिथंच टाईपएरर देऊन थांबतंय, शेतकऱ्याच्या हातात कागद जायच्या आधी.

ट्वेल्व्ह-फॅक्टरचं, म्हणजे ॲप कसं बांधावं त्या बारा नियमांचं, मला सांगू नको. हेरोकूवाल्यांनी २०११ ला लिहिलं की कॉन्फिग (सेटिंग) एन्व्हायर्नमेंटमधे ठेवा, बरोबरच आहे, पासवर्ड कोडमधे नकोच. पण दिसल त्या फंक्शनमधून वाचा असं कुठं म्हणलंय? मेनमधे, जिथून प्रोग्राम सुरू होतोय तिथं, एकदाच वाच, तिथंच आकड्यात बदलून घे (तिथून येतंय ते सगळं स्ट्रिंग असतंय बाबा, 'फॉल्स' लिहिलं तरी पायथनच्या इफला ते ट्रूच वाटतंय), दर नसल तर तिथंच प्रोग्राम थांबव, अन मग खाली हातोहात दे.

मला लोक हेकट म्हणायचे. एका कंपनीत मी याच्यावरून रिव्ह्यूला आलेला कोड परत पाठवायचो, मॅनेजर म्हणायचा डेडलाईन बघा. तिथं टेस्ट एकटी चालवली की पास, बाकीच्यांसोबत चालवली की फेल, कारण एक टेस्ट एन्व्हायर्नमेंटमधलं व्हेरिएबल बदलायली अन त्याच प्रोसेसमधे सोबत चालणाऱ्या शेजारच्या थ्रेडमधली दुसरी तेच वाचायली, प्रोसेस एक म्हणल्यावर एन्व्हायर्नमेंटबी सगळ्यांचं एकच. चांगली पोरं त्यापायी रात्र-रात्र जागली. तेव्हा मी अजून अडून बसायला पाहिजे होतं असं आजबी वाटतंय, म्हणून तुझ्यावर एवढा चिडलो.

पॅरामीटर लई होतात म्हणून कुरकुरू नको. झाले तर एक डेटाक्लास (बरेच आकडे एकत्र बांधायचं गाठोडं) कर, हमाली, तोलाई, ओलाव्याची मर्यादा त्यात बसव अन ती दे. पण दे.

आता सगळ्या कोडमधे गेटएन्व शोधायला ग्रेप कमांड मार, मेन सोडून जिथं सापडल तिथून काढून वर आण. अन त्याच्याबी आधी आडत दुकानात फोन कर, शून्यवाल्या पट्ट्या कोणत्या ते सांग, हमालांचे पैसे राहिलेत.