विद्यार्थी आपल्यापेक्षा तयार असेल तर?

खासगी शिकवणी घेणारे संगीत शिक्षक माझ्याकडे येतात, तेव्हा एक तक्रार हमखास असते: प्रत्येकाची तयारी वेगळी, मग मी न्याय कुणाकुणाला देऊ? पण बोलता बोलता त्यामागची खरी भीती वेगळीच निघते. एका ताईंच्या बाबतीत ती लवकर बाहेर आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताई शास्त्रीय गायन शिकवतात, एकेकाला स्वतंत्र वेळ देऊन. जिचा षड्ज (सा) अजून स्थिर लागत नाही अशी एक लहान मुलगी, तरुणपणी शिकून मग गाणं सुटलेल्या एक बाई आणि दुसऱ्या गुरूंकडे विशारद परीक्षेपर्यंत शिकून आलेला एक तरुण. या तरुणाच्या तासाआधी ताईंच्या पोटात गोळा यायचा.

"त्याची तान (जलद स्वरांची फेक) माझ्यापेक्षा स्वच्छ आहे हो, मॅडम. गप्प बसले तर त्याला वाटेल, हिला काही येत नाही. म्हणून मी सांगतच राहते."

"मग तो गातो किती?"

ताई थबकल्या. "फारच थोडा."

शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेला एक निष्कर्ष मी त्यांना सांगितला. नवख्याला ज्या बारीकसारीक सूचनांचा आधार होतो, त्याच जाणकाराच्या आड येतात. त्याच्या मनात रचना आधीच बसलेली असते आणि बाहेरच्या सूचना तिच्याशी जुळवण्यात त्याचं लक्ष खर्ची पडतं. मुलीबरोबर ताई गायल्या नाहीत तर ती सूर सोडते. तरुणाबरोबर सतत गायल्या तर त्याला स्वतःचं गाणं ऐकू येत नाही.

मग मी विचारलं, तिघांना एकच राग द्यायचा झाला तर? ताईंचा चेहराच खुलला. "भूप!" मुलीला सा रे ग प ध या पाच स्वरांची सरगम, बाईंना मध्य लयीतली बंदिश. आणि तरुणाला? तेच पाच स्वर देसकार या रागातही आहेत. फक्त भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग), देसकाराचा धैवत (ध). धैवतावर जरा जास्त रेंगाळलं की भूप हातचा जातो. "हा तर ताना मारतो, गंधारावर थांबतच नाही," ताई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. शिकवण्यासारखं काय उरलंय, याचं उत्तर त्यांच्याच तोंडून आलं होतं.

मला जास्त काळजी होती ती त्या बाईंची. खंड पडलेला विद्यार्थी फार हळवा असतो. कान पुढे गेलेला, गळा मागे राहिलेला, त्यामुळे स्वतःची प्रत्येक चूक त्याला लख्ख ऐकू येते. पहिल्या अलंकारापासून (स्वरांच्या सुरुवातीच्या सरावापासून) सुरू केलं तर अपमान वाटतो आणि जुन्या तयारीवर विसंबलं तर गळ्यावर ताण येतो. बाई काळी चार या उंच पट्टीचा हट्ट सोडत नव्हत्या. वयानुसार आवाज खाली येतो, त्यात कमीपणा नाही, हे ताईंनी त्यांना नीट समजावलं आणि काळी तीनवर तानपुरा लावून दिला. तार षड्ज (वरचा सा) मोकळा लागला तेव्हा बाईंना रडू आलं.

तरुणाशी ताई सरळ बोलल्या: "तानेसाठी तुला माझी गरज नाही. आलापात (रागाच्या संथ विस्तारात) मात्र तू घाई करतोस, त्यावर काम करू." त्याचीही तीच खंत होती, फक्त आधी कुणी विचारलं नव्हतं. लयकारीसाठी ताईंनी त्याला एका तबलावादकाकडे पाठवलं. तो जाईल आणि परत येणार नाही, ही भीती त्यांना तेव्हाही वाटली. त्यावर आम्ही अजून बोलतो आहोत. तो दोन्हीकडे शिकतो. त्याच्या तासाला ताई आधी पूर्ण आलाप ऐकून घेतात आणि मग एकच गोष्ट सांगतात.