दोन मॉनिटर, एक डॉक आणि एम२ मॅकबुक एअर

एका यूएसबी-सी केबलवरून लॅपटॉपला मॉनिटर आणि यूएसबीची उपकरणं जोडून देणारा तुमचा डॉक बिघडलेला नाही. तो मिस्टरांच्या विंडोज लॅपटॉपला जोडला की दोन्ही मॉनिटरवर वेगवेगळं दिसतं आणि तुमच्या एम२ मॅकबुक एअरला जोडला की दोन्हीकडे एकच चित्र, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा केबल बदलण्यात वेळ घालवू नका.

तुमचा डॉक लॅपटॉपकडून आलेल्या एकाच डिस्प्लेपोर्ट (चित्र पाठवायची एक पद्धत) सिग्नलमधून दोन मॉनिटर चालवतो. या पद्धतीला एमएसटी म्हणतात. विंडोजला ती चालते, पण मॅकओएस अशा डॉकवर दोन्हीकडे तेच चित्र पाठवतं. मॅकबुक प्रो आणलात तरी या डॉकवर हेच होईल. त्यात एम२ एअरची चिपच मुळात एक बाहेरचा मॉनिटर चालवते, त्यामुळे महागडा थंडरबोल्ट (यूएसबी-सी आकाराच्याच पोर्टवरचं जास्त वेगवान कनेक्शन) डॉक घेऊनही तुमचं काम होणार नाही. 'ड्युअल ४के' असं खोक्यावर ठळक छापतात आणि मॅकची अट मात्र बारीक अक्षरात, ही या धंद्याची जुनी खोड.

उपाय आहे: डिस्प्लेलिंक. यात मॅक दुसऱ्या मॉनिटरचं चित्र सॉफ्टवेअरने कॉम्प्रेस करून साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो आणि अडॅप्टरमधली चिप ते पुन्हा उलगडते. डॉक ठेवा, फक्त एक डिस्प्लेलिंक-एचडीएमआय अडॅप्टर घ्या आणि तो डॉकच्याच यूएसबी ३ पोर्टला लावा. पहिला मॉनिटर डॉकच्या एचडीएमआयवर, दुसरा अडॅप्टरवर. लॅपटॉपला केबल एकच राहील. ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, डिस्प्लेलिंकवाल्या सिनॅप्टिक्स कंपनीच्या साइटवरूनच उतरवा. तो स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागेल. घाबरू नका, चित्र पकडल्याशिवाय तो पाठवणार कसं? लॅपटॉप ऑफिसचा असेल तर मात्र आधी आयटीवाल्यांना विचारा.

एक्सेल, कोड, मेल यांना काही फरक जाणवत नाही. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग मात्र पहिल्या मॉनिटरवरच करा. नेटफ्लिक्ससारख्या ॲपचे संरक्षित व्हिडिओ डिस्प्लेलिंक चालू असताना काळे दिसू शकतात. तेवढ्यापुरतं ते बंद करायचं.

आता दोन २७ इंची क्यूएचडी (२५६० × १४४० पिक्सेल) मॉनिटर घ्यायचा तुमचा बेत. मॅकच्या दुसऱ्या मॉनिटरचं चित्र यूएसबीतून जातं, म्हणून अडचण आली तर ती दोन्ही चित्रं डिस्प्लेपोर्टवरून पाठवणाऱ्या विंडोज लॅपटॉपला येईल. यूएसबी-सीमध्ये वेगवान डेटाच्या चार लेन, म्हणजे चार वेगळे मार्ग असतात. अशा बऱ्याच डॉकमध्ये त्यातल्या दोन यूएसबी ३ साठी जातात, चित्राला उरतात दोन. डिस्प्लेपोर्ट १.२ वर त्या दोन लेनमधून सेकंदाला ८.६४ गिगाबिट जातात. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) फुल एचडी मॉनिटरला साधारण सव्वातीन गिगाबिट लागतात, म्हणजे आत्ताचे दोन आरामात बसतात. क्यूएचडीला प्रत्येकी पावणेसहाच्या आसपास लागतात, दोन बसत नाहीत. मग दुसरा मॉनिटर काळा राहतो किंवा ३० हर्ट्झवर येतो आणि माउस अडखळत चालतो. लॅपटॉप आणि डॉक दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील तर दोन लेनमध्येही जवळजवळ १३ गिगाबिट मिळतात, तेवढे पुरतात. डॉकचा मॉडेल नंबर टाका, पाहून सांगतो.