साइझ विचारू नका, माप घ्या

प्रश्न : ताई नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. सीएनसी, दोन लेथ, थोडं वेल्डिंग आणि पॅकिंग, मिळून चाळीसेक जण, त्यात नऊ बायका. मागच्या दिवाळीत सगळ्यांना युनिफॉर्म दिले, व्हॉट्सअपवर साइझ विचारूनच ऑर्डर दिली होती, तरी निम्म्यांना बसले नाहीत. कुणाच्या बाह्या बोटांपर्यंत, कुणाचं पोटावरचं बटण लागेना, आणि बायकांनी तर आठवड्याभरात घालणंच सोडलं. सप्लायर म्हणतो साइझ तुम्हीच दिली. यंदा परत पैसे घालायचेत, नीट कसं करू? एकेकाला टेलरकडे पाठवणं परवडणार नाही.
– एक वाचक, भोसरी

उत्तर : सप्लायर खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच बोलतोय. साइझ विचारली की माणूस शेवटच्या टीशर्टच्या कॉलरवर काय छापलंय ते सांगतो, आणि तो टीशर्ट ताणतो, तुमच्या शर्टाचं कापड ताणत नाही. शिवाय एका कंपनीचा एल दुसरीच्या एमएवढा निघतो, मग ग्रुपवर आलेल्या त्या यादीला काय अर्थ राहिला?

टेलरकडे कुणालाच पाठवू नका. ऑर्डर देण्याआधी सप्लायरकडून साइझ सेट मागवा, म्हणजे तुमच्याच कापडात, तुमच्याच पॅटर्नमध्ये प्रत्येक साइझचा एकेक शर्ट आणि एकेक पॅंट. काही जण कुरकुर करतात, वेगळे पैसे मागतात, ते देऊन टाका, वाया गेलेल्या शर्टांपेक्षा स्वस्तच पडतं. आणि त्याच दिवशी टेप घेऊन त्यांचा माणूस तुमच्याकडे बोलवा, चाळीस लोकांचं काम अर्ध्या दिवसात उरकतं. आधी छाती, पोट, सीट (म्हणजे नितंबांचा घेर), बाही मोजायची, मग जवळची साइझ घालून बघायची. छाती 38 इंच भरली तर तयार शर्टाचा घेर 42-43 तरी हवा, नाहीतर हात पुढे केला की पाठीत ओढतो. आणि नुसतं उभं राहून बघू नका हो, हात वर करायला लावा, उकिडवं बसून जॉब, म्हणजे मशीनवर चढवायचा तुकडा, उचलायला लावा. शर्ट पॅंटीतून बाहेर आला तर लांबी कमी आहे, मुंढ्यात, म्हणजे काखेपाशी, रुतला तर साइझ वाढवा, बाही जास्त होत असेल तर तेवढी बाही कमी करून घ्या. आतून माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगा, कमरेला दीड-दोन इंच असली की वर्षभरात सुटलेलं पोट सामावतं.

आता बायकांचं. तुम्ही लिहिलं नाहीये पण माझा अंदाज असा की त्यांना पुरुषांचाच शर्ट लहान साइझमध्ये दिला. त्यात खांदा उतरतो, छातीवर बटणांमधून फट पडते आणि खाली सीटवर अडकतो, मग दिवसभर ओढून ओढून नीट करत बसायचं. कोण घालेल? बायकांचा पॅटर्न वेगळाच काढायला लावा, सीटला मोकळा, बाजूला स्लिट, लांबी मांडीपर्यंत आणि खिसे खरे, मोबाइल मावेल असे. पॅंट हवी की सलवार हे त्यांनाच विचारा, पॅकिंगमध्ये साडीवरून एप्रन चालत असेल तर तेही चालू द्या. मापं घ्यायला बाई टेलर बोलवा, वेगळ्या खोलीत, आकडे मोठ्याने न ओरडता. आणि मापांची यादी परत त्या ग्रुपवर टाकू नका, प्लीज.

लेथजवळच्या लोकांच्या बाबतीत फिटिंग हा दिसण्याचा प्रश्नच नाही. सैल बाही, लोंबणारी दोरी, ओढणी, काहीही फिरत्या चकमध्ये (लेथचा जॉब पकडणारा भाग) गेलं तर हातासकट आत जातं. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम 22 मध्येसुद्धा, चालू मशीनला ऑइलिंग वगैरे करणाऱ्याला अंगाबरोबरचे कपडे मालकाने पुरवायचे असं लिहिलेलंच होतं. तिथे हाफ बाही द्या. वेल्डिंगवाल्यांना उलट फुल बाही, आणि कापड कॉटन ड्रिल, म्हणजे जाड सुती. पॉलिस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. त्यांच्या खिशाला झाकण हवं आणि पॅंटीला खाली बाहेरून दुमड नको, ठिणग्या तिथेच जाऊन बसतात. बाकीच्यांना पॉलिकॉटन पुरे, लवकर वाळतं, इस्त्रीची कटकट नाही.

कॉटन घेताय तर सॅंपल तीनदा धुऊन मग मोजा, आटलेलं कळेल. लोगोची एम्ब्रॉयडरी ट्रायल पास झाल्यावरच. आणि नंतर येणाऱ्या मुलांसाठी त्याच लॉटचं थोडं कापड आत्ताच घेऊन ठेवा, पुढच्या लॉटचा निळा हमखास वेगळा निघतो. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे भरपूर आहेत, एक चक्कर मारून दोन-तीन ठिकाणचे भाव आणि शिलाई बघून या. उरलेले पैसे माल घालून बघितल्यावर द्यायचे, हे मात्र ऑर्डरवर लिहून घ्या.

प्रश्न : कोल्हापुरात माझं छोटं हॉटेल आहे. वेटर, किचनची पोरं चार-सहा महिन्यांत बदलतात. मापं घेऊन काय उपयोग?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही घेऊच नका. सर्व्हिसला मॅटीचे (टीशर्टच्या जाळीदार विणीच्या कापडाचे) कॉलर टीशर्ट, तिरुपूरचा माल सगळीकडे मिळतो, ताणणारं होजिअरी कापड असल्यामुळे चार साइझमध्ये सगळे बसतात. पॅंट मागून इलॅस्टिकवाली, एप्रन कमरेला बांधायचा. किचनमध्ये मात्र कॉटनच, भट्टीजवळ पॉलिस्टर अंगात घालून उभं राहणं म्हणजे छळ आहे, आणि वेल्डिंगचं वर लिहिलंय तेच आगीलाही लागू. माणशी तीन जोड ठेवा, दोनात भागत नाही, पावसाळ्यात तर अजिबात नाही. जोड हॉटेलचे, धुलाई हॉटेलची, पोरगा सोडून गेला की कपडे धुऊन परत कपाटात. आणि छातीवर नावं भरून घेऊ नका, नाव हवंच असेल तर पिनचा बिल्ला लावा.