मुलगी ज्युदो खेळते आणि तिला फॅशन डिझायनरही व्हायचंय. दोन्ही जमेल, की एक सोडायला सांगू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी १७ वर्षांची आहे, ५२ किलोत राज्यपातळीवर खेळते, बारावीनंतर डिझायनिंगला जाते म्हणते आणि घरातले सगळे तिला "एक काहीतरी धर" सांगतायत. ते "एक काहीतरी धर" वाचलं आणि अर्धा बेतलेला ब्लाऊज टेबलावर तसाच टाकून लिहायला बसले.

मीही ५२ किलो वजनी गटातच खेळायचे. मूळची डिचोलीची, आता म्हापशात माझं छोटं बुटीक आहे. थोरल्या काकांचं शिंपीकामाचं दुकान होतं. जूनमध्ये शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला की काजं-बटणं माझ्याकडे. संध्याकाळी अस्नोड्यावरून जाणारी बस पकडून म्हापशाला सरावाला. काकांचं एकच पालुपद: "बोटां सांबाळ गो, तांचेरच पोट भरता." आणि ज्युदोच्या सरांचं नेमकं उलट: शिवणकाम करून तू मान वाकवून बसतेस, म्हणून तुझी पाठ जड. दोघांनाही मी हवी होते, पण अर्धी नको होते. दोघांनीही मला कधी विचारलं नाही की तुला काय दिसतंय.

मला दिसत होतं ते हे की ज्युदो हा कापडाचा खेळ आहे. बॉक्सिंगमध्ये कपडा नसला तरी चालेल, ज्युदोत गी, म्हणजे अंगातलं ते जाड जाकीट-विजार, नसेल तर पकडायचं काय? ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये कोडोकान ही ज्युदोची पहिली शाळा सुरू केली तेव्हा जाकिटाच्या बाह्या आखूड होत्या आणि विजारही तोकडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही लांब झाल्या, कोपर-गुडघे सोलवटायचे थांबले आणि बाहीची पकडही आली. पुढे निळ्या गीवरून केवढं भांडण! हॉलंडच्या अँटन गीसिंकनं, टोकियोत १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये जपान्यांच्या घरात सुवर्ण नेणाऱ्या त्याच माणसानं, १९८६ मध्ये सुचवलं की एकानं निळा घालावा, म्हणजे कोण कोण ते कळेल. जपानला ते रुचलं नाही. १९९७ मध्ये एकदाचं मंजूर झालं. एका रंगासाठी अकरा वर्षं! आणि मला सांगायचे, कपड्यांचा नि खेळाचा काय संबंध.

आता २००८ ची गोष्ट. हीच सांगायची होती, बाकीचं ओघानं आलं.

राष्ट्रीय स्पर्धा परराज्यात होती. तुम्ही गोव्याचे, त्यामुळे पावसाळ्यात गीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. जाड सुती कापड, तीन-तीन दिवस वाळत नाही, कॉलरवर बुरशीचे काळे ठिपके, वास असा की समोरची अर्धी तिथेच हरावी. त्या वर्षी घरच्यांनी मला नवा गी घेऊन दिला होता. तो धुतला, नेला, घातला आणि वजन झाल्यावर गीच्या तपासणीत अडकला. तेव्हाचा नियम असा की बाही मनगटापासून फार तर ५ सेंमी वर असावी आणि बाही नि हात यांच्यामध्ये १० ते १५ सेंमी मोकळी जागा हवी. माझी बाही लांबीलाही कमी आणि घेरालाही कमी. पंचांनी नुसती मान हलवली.

६३ किलोतल्या एका मैत्रिणीचा गी उसना घेतला. माझ्या अंगावर तो म्हणजे गोणपाटात भरलेली काकडी. समोर मणिपूरची मुलगी, अत्यंत चपळ. तिला एवढं कापड आयतं मिळाल्यावर ती काय सोडते? बाही मुठीत, एक वळण, सेओई-नागे, म्हणजे पाठीवरून फेक. पाठ सपाट टेकली. इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, सामना तिथेच संपला. मिनिटभरही झालं नव्हतं.

परतीच्या गाडीत सर गप्प. थिवी स्टेशनावर उतरताना म्हणाले, "काय शिंपीणबाई, मेडल शिवून आणलंत?" तेव्हापासून हा किस्सा ते प्रत्येक नव्या बॅचला सांगतात. २०२३ ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, ज्युदो बघायला गेले, तर तिथेही एका पोरीला माझ्याकडे बोट दाखवून तेच सांगत होते.

त्या आठवड्यात घरी मी तो नवा गी उसवला. रागानं. पण उसवता उसवता राग राहिला बाजूला. वरचा भाग तांदळाच्या दाण्यासारख्या विणीचा, कमरेखाली शंकरपाळ्याची वीण. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, गोल नाहीच, बाही खांद्याखालून सरळ उतरलेली. बाजूला चिरा. विजारीच्या आसनात कळी (ताण सैल व्हावा म्हणून जोडलेला तुकडा), गुडघ्याला दुहेरी कापड. ताण कुठे येणार हे आधी ओळखून बेतलेलं. काकांना दाखवलं तर ते बराच वेळ आसनाची कळी उलटसुलट करत बसले. म्हणाले काहीच नाहीत, पण पुढच्या जूनमध्ये पोरांच्या हाफपँटींना तशी कळी आली.

माझं सगळं डिझायनिंग तिथून निघालं. आजही माझ्याकडे लग्नाचा ब्लाऊज ट्रायलला आला की मी नवरीला आरशासमोर नुसती उभी करत नाही. दोन्ही हात वर कर, म्हणते, समोर नवरा आहे, हार घाल. मुंढा खोल कापला असेल तर हाताबरोबर अख्खा ब्लाऊज वर चढतो. तो वर घेऊन बगलेत छोटी कळी दिली की जागचा हलत नाही. हे मला कोर्सनं नाही शिकवलं. कोर्समध्ये तर माझ्या कामाला "फार ढगळ" म्हटलं गेलं. त्यांना मी कुणबी कापडाचं, म्हणजे आमच्याकडच्या कुणबी बायकांच्या साडीचं, उदाहरण द्यायचे: गुडघ्याच्या थोडं खालपर्यंत, खांद्यावर गाठ, भाताच्या चिखलात दिवसभर वाकायचं म्हणून तसं. कोलवाळच्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड पुन्हा मागावर आणून फॅशनच्या मंचावर नेलं, तेव्हा कुठे आमच्या वर्गात ते "डिझाइन" झालं. ते स्वतः हॉटेलचं शिकून मस्कतला नोकरीला होते, कपड्यांकडे नंतर वळले. २०१४ ला पद्मश्री मिळाली. त्यांनाही कुणीतरी घरी म्हटलंच असेल, एक काहीतरी धर.

तुमचा प्रश्न. हो, जमेल. कॉलेज कुठलं ते मी सांगणार नाही, ते तुम्ही फी आणि बसचं अंतर बघून ठरवा. निफ्टचं, म्हणजे सरकारी फॅशन संस्थेचं, जवळचं केंद्र मुंबईला आहे, पण तिथे गेली तर आधी क्लब शोधून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांत मॅट सुटते. नुसतं हातात कसब हवं असेल तर आयटीआयचा शिवणाचा कोर्सही वाईट नाही, लोक उगाच नाक मुरडतात. कॉलेजची सबमिशन आणि स्पर्धा एकाच आठवड्यात येतात, दर वर्षी येतात. त्या आठवड्यांत तिला वजन किती, कपडे किती असलं काही विचारू नका, जेवायला द्या.

आणि काका अगदीच चुकीचे नव्हते, हेही लिहायला हवं. उजव्या हाताच्या अनामिकेचा सांधा माझा कायमचा जाड झालाय. अंगुस्तान त्या बोटात जात नाही, मधल्या बोटात घालते. थंडीत बारीक हातशिलाई दुखते, मणीकाम मी बाहेर देते. तेव्हा मुलीला सरावाला बसतानाच बोटांना टेप लावायची सवय लावा, स्पर्धेपुरती नको. नवा गी आधी थंड पाण्यात दोनदा धुऊन आटू द्या, मगच काय ते माप.

सरांना त्यांची सून हे वाचून दाखवणार, मला ठाऊक आहे. तर सर, घ्या: बाह्या मी घेरात इंचभर आत घेतल्या होत्या, दिसायला बऱ्या दिसाव्यात म्हणून. आजवर कबूल केलं नव्हतं. पण लांबीला मी हात लावला नव्हता. "बुरशी जाईल, कढत पाण्यात घाल" हे तुम्ही सांगितलं होतं.